गंगाबलची सफर आणि राहून गेलेला फोटो

यंदाच्या जानेवारीत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एक छोटंसं प्रदर्शन भरवलं. काश्मीरच्या सफरीत काढलेल्या फोटोंपैकी बावीस फोटो मोठे करून घेतले, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि प्रत्येकाखाली उर्दूत आणि मराठीत दोन-दोन ओळी लिहिल्या. बर्फाची शिखरं, निळी तळी, पिवळं पडत चाललेलं गवत, ढगांच्या सावल्या. मुलं रांगेनं बघत होती, शिक्षक मंडळी तारीफ करत होती. पाचवीतल्या एका मुलीनं सगळे फोटो शेवटपर्यंत पाहिले आणि आमच्याजवळ येऊन विचारलं, "सर, तिथं माणसं राहत नाहीत का?"

"राहतात ना," आम्ही म्हणालो.

"मग ती फोटोत का नाहीत?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. हा सफरनामा त्या प्रश्नामुळे लिहावासा वाटला.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात राहतो. नवरा-बायको दोघंही शिक्षक, थोरली मुलगी अकरावीत, धाकटा आठवीत. मे महिन्याच्या सुट्टीत काश्मीरच्या उंच डोंगरांवर अजून बर्फ असतो, वाटा मोकळ्या नसतात. म्हणून आम्ही गौरी-गणपतीच्या सुट्टीला साठवलेली रजा जोडली आणि सप्टेंबरात निघालो. श्रीनगर, दल सरोवर, मुघल बागा, गुलमर्ग यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्हीही ते सगळं पाहिलं, पण इथे सांगायचं आहे ते गंगाबलचं.

गंगाबल हे हरमुख पर्वताच्या पायथ्याचं सरोवर. श्रीनगरहून गांदरबल, कंगन असं करत पन्नास किलोमीटरच्या आसपास गेलं की वांगत नदीकाठचं नारानाग गाव येतं. गाडीची वाट तिथे संपते. गावातच आठव्या शतकातल्या दगडी मंदिरांचे अवशेष आहेत. राजा ललितादित्याशी त्यांचा संबंध सांगतात. काश्मिरी पंडित गंगाबलला पवित्र मानतात आणि भाद्रपदात त्यांची यात्रा तिथे जाते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती नुकतीच आटोपली होती.

आपल्या कोकणी माणसाला उंचीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. नारानाग गाव, म्हणजे आमच्या चढाईची पहिली पायरीच, कळसूबाईपेक्षा उंच आहे. गंगाबल साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि हरमुखचं शिखर 5,142 मीटर.

सामान वाहायला दोन घोडे ठरवले. घोडेवाले भाई तिशीतले, मोजकंच बोलणारे. आम्हाला ते 'मास्टरजी' म्हणू लागले आणि मुलांच्या अम्मीला 'बाजी'. पहिले दोन-तीन तास देवदार आणि कैलच्या जंगलातून उभी चढण होती. आम्ही दर पन्नास पावलांवर थांबत होतो. भाई मात्र घोड्यांशी बोलत, मध्येच आमच्या धाकट्याचा हात धरत चालले होते. चढ संपला तसं जंगल विरळ झालं, पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडं लागली आणि थोड्या वेळानं झाडंच संपली. पुढे फक्त गवत, दगड आणि आकाश.

झाडांच्या रेषेच्या वर गेल्यावर दुनियाच वेगळी. थंडी, वारा आणि जेमतेम तीन-चार महिन्यांचा हंगाम, त्यामुळे तिथली झाडंझुडपं उंच वाढत नाहीत, जमिनीला बिलगून राहतात. आम्हाला एकदम आमचा सडा आठवला. श्रावण-भादव्यात कातळावर अशीच बोटभर उंचीची फुलं येतात आणि महिन्याभरात सुकून जातात. फरक इतकाच की इथे त्या गवताच्या टोकाला हिमनदी लटकलेली असते.

काश्मिरी भाषेत अशा कुरणाला 'मर्ग' म्हणतात. सोनमर्ग, गुलमर्ग ही नावं त्यावरूनच आली. उर्दूत 'मर्ग' म्हणजे मृत्यू. आठवीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. वर गेल्यावर आमची थोरली धापा टाकत म्हणाली, "अब्बा, आता दोन्ही अर्थ कळले."

धाकट्याकडे त्याच्या मामूंनी दिलेला कॅमेरा होता, थोरलीकडे डायरी. दोघांनी आपापसात वाटणी केली होती. तो टिपणार, ती लिहिणार. दोघांनाही लवकरच अडचणी आल्या. बर्फाचा फोटो काढला की बर्फ राखाडी दिसे. त्याचं कारण असं की कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम उजेडाचं असावं असं वाटतं, म्हणून तो लख्ख पांढऱ्यालाही काळवंडून टाकतो. अशा वेळी उजेडाचं माप आपण हातानं वाढवावं लागतं. दुपारच्या उन्हात डोंगर सपाट दिसतात, सकाळी आणि मावळतीला सावल्या लांबल्या की त्यांच्या घड्या उघडतात. थंडीनं बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री ती अंथरुणात जवळ घेऊन झोपायचं. हे सगळं तो चुकत चुकत शिकला.

थोरलीची अडचण वेगळी होती. पहिल्याच पानावर तिनं 'सुंदर' हा शब्द सहा वेळा लिहिला होता. आम्ही तिला सांगितलं, दृश्य कसं आहे ते लिहू नकोस, काय आहे ते लिही. दगडाचा रंग, पाण्याचा आवाज, कोण काय बोललं. तेव्हापासून तिनं तेच केलं. या सल्ल्याचा फायदा पुढे आम्हालाच झाला.

दुपारनंतर त्रुंखोलच्या कुरणात पोहोचलो. इथे बकरवालांच्या ढोका आहेत. दगड, ओंडके आणि माती यांची बसकी घरं, छपरावर गवत उगवलेलं, त्यामुळे लांबून ती डोंगराचाच भाग वाटतात. गुज्जर आणि बकरवाल हे काश्मीरचे पशुपालक मुसलमान, गोजरी बोलणारे. 1991 मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बकरवाल हिवाळ्यात राजौरी, रियासीसारख्या जम्मूच्या खालच्या भागात असतात. वसंतात शेळ्या-मेंढ्या, घोडे, कुत्री आणि लेकराबाळांसह पीर पंजाल ओलांडून ते या कुरणांवर चढतात आणि थंडी पडू लागली की परत उतरतात. आम्ही गेलो तेव्हा उतरायची तयारी चालू होती. दोऱ्या वळल्या जात होत्या, गाठोडी बांधली जात होती.

तिथेच आमच्याकडून चूक घडली. एका ढोकेच्या दारात एक बाई घोंगड्या झटकत होती. मागे हरमुख, अंगावर तिरपं ऊन. धाकट्यानं लांबूनच झूम करून दोन-तीन फोटो काढले. आम्ही शेजारीच उभे होतो आणि त्याला अडवण्याऐवजी म्हणालो, "अजून एक घे, डोंगर पूर्ण येऊ दे." बाईचं लक्ष गेलं. तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि आत निघून गेली. घोंगडी बाहेरच पडून राहिली.

घोडेवाले भाई काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग घोड्याचा पट्टा आवळत हळूच म्हणाले, "मास्टरजी, हे त्यांचं घर आहे. डोंगर नाही."

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हे दुखणं आमच्याच घरचं. आमच्या गावात जुनी लाकडी घरं आहेत, कोरीव खांबांच्या पडव्या आहेत. सुट्टीत समुद्रावर येणारे पर्यटक मोहल्ल्यात शिरतात आणि पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या खालाजानचे, फुफूंचे न विचारता फोटो काढतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका तरुणाला यावरून सुनावलं होतं. आता त्या तरुणाच्या जागी आम्हीच होतो.

धाकट्यानं ते फोटो तिथेच पुसून टाकले. आम्ही दोघं त्या ढोकेकडे गेलो, मुलांची अम्मी आत गेली. घरातल्या बुजुर्ग बाबांना आम्ही सलाम केला, उर्दूत माफी मागितली आणि पुसलेल्या फोटोंची रिकामी जागा कॅमेऱ्यावर दाखवली. ते हसले, म्हणाले, "बच्चा आहे. बसा." मिठाचा चहा आला, मक्याची रोटी आली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

निघताना बाबांनीच विषय काढला. म्हणाले, "फोटो काढायला आमची ना नाही, विचारून काढा. दर साल लोक येतात, माझे, शेळ्यांचे, कुत्र्याचे फोटो काढतात. पाठवतो म्हणतात. आजवर एकही आला नाही. माझ्याकडे माझा फोटो आहे तो कार्डावरचा." मग त्यांनी नातवाला हाक मारली, त्याला घोड्यावर बसवलं, लगाम हातात घेतला, पगडी नीट केली आणि म्हणाले, "हा काढ."

धाकट्यानं एकच फोटो काढला. चांगला आला. आम्ही वचन दिलं, "बाबा, इन्शाअल्लाह, कागदावर छापून पाठवू." कुठे पाठवायचा ते घोडेवाल्या भाईंनी सांगितलं. थोरलीनं डायरीत लिहून घेतलं.

त्या रात्री नुंदकोल तळ्याकाठी तंबू ठोकला. हरमुखचा कडा तळ्यावर सरळ उभा राहतो आणि वारा पडला की सगळाच्या सगळा पाण्यात दिसतो. बर्फाच्या पाण्यानं वजू करताना बोटं बधिर झाली. घरी आम्ही समुद्राकडे, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला तोंड करून नमाज पढतो. इथे किब्ला पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला सरकतो. सूरह अल-गाशियामध्ये पर्वत कसे रोवले आहेत त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे, ते शाळेत मुलांना अनेकदा समजावलं होतं. त्या काळोखात ते समजावण्याची गरज पडली नाही.

जेवणानंतर आम्ही मुलांना हरमुखची एक गोष्ट सांगितली. 1856 मध्ये इंग्रजांच्या भूमापन खात्यातला थॉमस माँटगोमेरी याच पर्वतावर चढून एका उंच ठाण्यावर पोहोचला. तिथून त्याला दोनशे किलोमीटरहून दूर काराकोरमची दोन शिखरं दिसली. त्यानं त्यांची रेघांची चित्रं काढली आणि त्यांना 'के 1', 'के 2' अशी खूण दिली. पहिलं शिखर मशेरब्रुम. दुसऱ्याचं नाव मात्र आजही तेच राहिलं. 8,611 मीटर उंचीचं, जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं के 2. म्हणजे जगाच्या नकाशावर ते आलं ते या हरमुखवर काढलेल्या एका चित्रातून.

पुढे 1909 मध्ये व्हित्तोरिओ सेला या इटालियन छायाचित्रकारानं के 2 चे असे फोटो काढले की ते आजही नावाजले जातात.  मोठा कॅमेरा, लाकडी तिपाई आणि काचेच्या प्लेटा हे सगळं ओझं बाल्तिस्तानच्या मुसलमान हमालांनी पाठीवर घेऊन हिमनदीवरून नेलं. 31 जुलै 1954 ला दोन इटालियन के 2 वर प्रथम पोहोचले. त्यांचे शिखरावरचे फोटो जगभर छापले गेले. त्यांच्यासाठी ऑक्सिजनची नळकांडी वर नेणारा हुंझाचा अमीर मेहदी आदल्या रात्री वॉल्टर बोनाती या इटालियन गिर्यारोहकाबरोबर आठ हजार मीटरच्या वर तंबूशिवाय उघड्यावर राहिला. हिमदंशानं त्याच्या दोन्ही पायांची सगळी बोटं गेली. शिखरावरच्या फोटोत तो नाही.

घोडेवाले भाई शेकोटीत काटक्या सारत ऐकत होते. म्हणाले, "तो पहिला साहेब इथे वर बसून चित्र काढत होता, तेव्हा त्याचं सामान कुणीतरी धरून उभा असेलच की." आम्ही म्हणालो, "असणारच." त्यांनी विचारलं, "त्याचं नाव लिहिलंय कुठे?" आम्हाला सांगता आलं नाही.

पण एक नाव आम्ही सांगितलं. लेहचे गुलाम रसूल गलवान. गरीब घरातला मुलगा, लहान वयात साहेबांच्या काफिल्यात नोकरीला लागला आणि वर्षानुवर्षं लडाख, काराकोरम, मध्य आशियाच्या वाटा तुडवत राहिला. त्यानं पुढे स्वतःचं आयुष्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून काढलं. 'सर्व्हन्ट ऑफ साहिब्स' या नावानं ते पुस्तक 1923 मध्ये छापून आलं. गलवान खोरं आणि नदी त्याच्याच नावानं ओळखली जाते. डोंगरांबद्दल साहेबांची पुस्तकं कपाटभर आहेत. ओझी वाहणाऱ्यांच्या बाजूनं लिहिलेलं हे एक. थोरलीनं त्याचं नाव डायरीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूवर दहिवराचा पांढरा थर होता. थोडंसं चढून गंगाबलला गेलो. नुंदकोलपेक्षा कितीतरी मोठं, लांबट, गडद निळं सरोवर. याच सरोवरांचं पाणी वांगत नाल्यातून सिंध नाल्याला आणि पुढे झेलमला मिळतं. धाकट्यानं त्या एका सकाळी दोनशेच्या वर फोटो काढले. प्रत्येक फोटोआधी तो ओरडायचा, "भाई, जरा बाजूला व्हा ना! घोडा मध्ये येतोय!" भाई निमूटपणे बाजूला होत. आम्हीही दोन-तीनदा तेच म्हणालो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी परतलो आणि नेहमीचं चक्र सुरू झालं. सहामाही परीक्षा, पेपर तपासणी, दिवाळीची सुट्टी, एका नातेवाइकाची शादी. बाबांचा फोटो छापायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. खरं सांगायचं तर नंतर नंतर ठरणंही बंद झालं. प्रदर्शनासाठी बावीस फोटो छापायला मात्र आम्ही चिपळूणला दोन खेपा घातल्या. त्याच दुकानात, त्याच वेळी तेविसावा फोटो छापता आला असता. तो सुचलाच नाही.

त्या मुलीनं प्रश्न विचारला त्या रात्री आम्ही चौघं सगळे फोटो पुन्हा बघत बसलो. आठशेहून अधिक होते. त्यात घोडेवाले भाई शोधले. एका फोटोत त्यांचा हात आणि लगाम, एकात पाठ, एकात नुसती सावली. ज्या माणसानं आमच्या मुलाचा हात धरून त्याला वर नेलं, आमचं अन्न-पाणी आणि अंथरूण वाहिलं, त्याचा चेहरा आमच्याकडे नव्हता. आम्हीच त्याला पुन्हा पुन्हा बाजूला व्हायला सांगितलं होतं.

मग थोरलीनं डायरी आणली. तिच्यात भाई जागोजागी होते. त्यांच्या दोन्ही घोड्यांची नावं होती, चढावर श्वास कसा घ्यायचा हे त्यांनी सांगितलेलं होतं, 'हे त्यांचं घर आहे, डोंगर नाही' हे वाक्य होतं, बाबांना दिलेलं वचन तारखेसह होतं आणि खाली पत्ताही होता. कॅमेऱ्यासमोर डोंगर होता म्हणून कॅमेऱ्यानं डोंगर घेतला. तिनं ऐकलेलं लिहिलं, म्हणून माणसं तिच्या वहीत राहिली.

दुसऱ्याच दिवशी फोटो छापून आणला. दोन प्रती, एक बाबांना, एक नातवाला. पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टानं भाईंच्या गावी पाठवला, सोबत उर्दूत चिठ्ठी लिहून उशिराबद्दल माफी मागितली. पंधरा दिवसांनी भाईंचा फोनवर आवाजी निरोप आला. "मास्टरजी, लिफाफा मिळाला. बाबांचा डेरा खाली राजौरीकडे आहे. जूनमध्ये वर येतील तेव्हा त्यांच्या हातात देईन. अमानत आहे, जपून ठेवलीय." आम्ही जे चार महिने अंगावर काढलं ते सांभाळायला त्यांनी एका क्षणात कबूल केलं. त्यांच्या फोटोचं विचारलं तर हसून म्हणाले, "पुढच्या खेपेला या आणि काढा."

वाचकांपैकी कुणी या वाटेला जाणार असेल तर थोडं सांगून ठेवतो. जुलै ते सप्टेंबर हा चांगला काळ. निघण्याआधी वाट खुली आहे का आणि कुठली परवानगी लागते का याची स्थानिक चौकशी करा, ओळखपत्रं जवळ ठेवा. श्रीनगरला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चढायला जाऊ नका, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या तर हट्ट न करता खाली उतरा. गरम कपडे, पावसाचं जाकीट आणि वापरून मऊ झालेले बूट घ्या. आपला कचरा आपणच खाली आणा. वरच्या सरोवरांचं पाणी खालची गावं पितात. आणि कॅमेरा माणसाकडे वळवण्याआधी सलाम करा, विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा. पाठवतो म्हणालात तर पाठवा.

संपादकांनी लेखासोबत फोटो मागितले, तेव्हा गंगाबलचे दोन पाठवले. बाबांचा फोटो यातला सर्वांत चांगला आहे, पण तो पाठवलेला नाही. तो त्यांच्यासाठी काढायची परवानगी त्यांनी दिली होती, मासिकात छापायची आम्ही मागितलीच नव्हती. हे तुम्ही वाचाल तेव्हा बकरवालांचे डेरे पीर पंजाल ओलांडत असतील. लिफाफा वर त्यांची वाट बघतोय. अल्लाह त्यांना सुखरूप वर पोहोचवो.